विचारायचं कुणाला?

दिव्यांग प्रमाणपत्राच्या एका शिबिरात कर्णबधिरांचे नंबर लाउडस्पीकरवरून पुकारले जात होते. ज्यांच्यासोबत घरचं माणूस होतं ते उठून आत जात होते. जे एकटे आले होते ते बसून राहत होते आणि त्यांचा नंबर मागे पडत होता. ते दृश्य डोक्यातून जाईना. सांकेतिक भाषा येणारं कुणी हजर असेल, तर हेच काम कसं चालतं ते जवळून पाहायचं ठरवलं. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका तालुक्याच्या गावी ती संधी मिळाली.

नगर म्हणजे आताचा अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १४ तालुक्यांचा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून नगरला यायचं तर अख्खा दिवस जातो, रोजगार बुडतो आणि सोबत येणाऱ्याचाही बुडतो. त्यामुळे तालुक्याला शिबिर लागलं की झुंबड उडते. केसपेपर, आधारची झेरॉक्स, ऑनलाइन अर्जाची पावती, मग तपासणी. ऑडिओमेट्रीवर भागलं नाही तर बेरा चाचणीसाठी नगरची चिठ्ठी.

मांडवात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. “चाळीस भरतील का?” अपंगत्व ४० टक्के भरलं तर नोकरीतलं आरक्षण, एसटीची सवलत, संजय गांधी योजनेचा अर्ज. ४० च्या आत राहिलं तर यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० पासून पुढे निळं. एक आजी नातवाचा कागद उलटसुलट करत प्रत्येकाला तेच विचारत होत्या, “बघा बरं, चाळीस हायेत का?”

कान तपासणीच्या खोलीत बाई होत्या. मूकबधिर शाळेतल्या विशेष शिक्षिका. शाळेला सुट्टी म्हणून, ओळखीतून बोलावल्यामुळे आलेल्या, मानधनाशिवाय. अंगात एकरंगी गडद कुर्ता, कारण नक्षीच्या कापडावर हात नीट दिसत नाहीत. आल्या आल्या त्यांनी खुर्ची खिडकीपासून हलवली. पाठीमागे उजेड असला की चेहरा काळा पडतो, आणि सांकेतिक भाषेत निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या नाहीत तर प्रश्न हा प्रश्नच राहत नाही. त्या डॉक्टरांच्या शेजारी, किंचित मागे बसल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, विचारताना माझ्याकडे नका बघू. त्यांच्याकडे बघा.”

त्या दिवसातला एक माणूस मला अजून दिसतो. ऊसतोडीला जाणारा, पस्तिशीचा, हातांवर पाचटाचे ओरखडे. शाळेत कधी गेलेला नाही, त्यामुळे सांकेतिक भाषाही येत नाही; घरातल्या चार खुणांवर आयुष्य काढलेलं. सोबत धाकटा भाऊ. डॉक्टरांनी विचारलं, “कधीपासून ऐकू येत नाही?” भाऊ म्हणाला, “जन्मापासून.” डॉक्टर लिहिणार तेवढ्यात बाईंनी हात वर केला.

शाळेतल्या खुणांचा इथे उपयोग नव्हता. त्यांनी हातांचा पाळणा करून हलवला, कानावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावून थांबल्या. त्याने मान हलवली, नाही. मग त्यानेच गुडघ्याच्या वर तळहात धरून पोराची उंची दाखवली, कपाळावर हात टेकवला, अंग थरथरवलं, कमरेला सुई टोचल्याची खूण केली आणि दोन्ही कानांवर मुठी मिटल्या. भाऊ गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “हां, आई म्हणायची, ताप आला होता म्हणून.”

बाई थांबल्या नाहीत. आता दुखतं का, हे त्यांनी विचारलं. त्याने डाव्या कानाकडे बोट केलं, गालावर हात ठेवून झोपल्याची खूण केली आणि उशी पुसल्यासारखं केलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. कान वाहत होता. आधी औषध, मग पुन्हा तपासणी, असं कागदावर आलं. “मला कधी सांगितलंच नाही यानं,” भाऊ म्हणाला. बाईंनी शांतपणे विचारलं, “तुम्ही कधी विचारलं होतं?”

भावाचा दोष नाही. तो मजुरी बुडवून आला होता, जीव लावणारा होता. पण घरचा माणूस म्हणजे दुभाषी नव्हे, हे त्या खोलीत मला लख्ख दिसलं. तो स्वतःला माहीत असलेलं उत्तर देतो, आणि समोरच्याच्या पोटातलं पोटातच राहतं.

बाहेरच्या टेबलावर तेच दुसऱ्या रूपात चाललं होतं. एका अंध गृहस्थांचा अंगठा धरून कर्मचारी शाईच्या पॅडकडे नेत होता. त्यांनी हात मागे घेतला. “मला सही येते. आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा.” वाचून दाखवायला दोन मिनिटं लागली. गावाचं नाव चुकलं होतं, ते तिथेच दुरुस्त झालं.

यातलं काहीच उपकार म्हणून करायचं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला, त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि ‘संवादा’च्या व्याख्येत सांकेतिक भाषा, ब्रेल, स्पर्शाने होणारा संवाद, मोठा टाइप, सोपी भाषा हे सगळं घेतलं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. महाराष्ट्राने तर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागच काढला. तरीही सुगम्यता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उतार येतो. उतार हवाच, एक फूट चढायला बारा फूट लांबीचा, धरायला कठडा असलेला. पण उतार चढून वर आलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे त्या सिमेंटमध्ये नसतं.

माणसाच्या कानाची, डोळ्याची, पायाची टक्केवारी आपण काढतो. त्याचं म्हणणं समजून घेण्यात आपलं कार्यालय किती टक्के भरतं, ते कुणी मोजत नाही. माझ्या मते तिथे चाळीससुद्धा भरत नाहीत.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते महागडं नाही. नंबर पुकारण्यासोबत फळ्यावर लिहावेत. अर्ज वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा घेऊ नये. दुभाषी गावात नसेल तर व्हिडिओ कॉलवर घ्यावा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. दुभाष्याचं मानधनही त्यातून निघावं. बाईंसारख्या माणसाला सुट्टीच्या दिवशी ओळखीतून बोलावून हे काम चालणार नाही. तपासणीच्या दिवशी कानाचे डॉक्टर आले नाहीत तर शिबिर पुढे ढकलतात. दुभाषी आला नाही तरी ते पुढे ढकलावं लागेल, इतकी ती खुर्ची पक्की झाली पाहिजे.