भज्यांच्या तेलावर गाडी पळते... पण!

दिवाळी संपली की घरोघरी एक कढई ओट्याखाली दडून बसते. चकल्या झाल्या, अनारसे झाले, आता त्या काळपट तेलाचं काय करायचं? आई म्हणते, 'भाजीला वापरू.' आपण गुपचूप बेसिनमध्ये ओततो आणि मग प्लंबरला फोन लावतो!

माझ्या एका मित्राचा फंडा तिसराच. म्हणाला, 'याचं डिझेल बनवू.'

हसू नका. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चाललं होतं. हवाईतल्या माउई बेटावर हॉटेलांचं वापरलेलं तेल कचरा डेपोत येऊन पडायचं. तिथे जनरेटर दुरुस्त करणाऱ्या बॉब किंगनं १९९६ मध्ये त्यापासून बायोडिझेल करायला सुरुवात केली.

कृती ऐकायला पाककृतीसारखीच. तेल गाळायचं, त्यातलं पाणी उडवायचं. लिटरला साधारण २०० मिली मिथेनॉल, त्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा. ताज्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम सोडा पुरतो. जळक्या तेलात आम्ल जास्त, म्हणून तेही मोजून सोडा वाढवायचा. ५५ अंशांवर तासभर ढवळायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी तळाशी गडद ग्लिसरीन, वर सोनेरी बायोडिझेल. मग ते पाण्यानं धुऊन कोरडं करायचं.

आमच्या बादलीत सकाळी काय होतं? साबण! बटाटेवड्यांचं पाणी तेलात उतरलेलं, आणि ते उडवायचा आम्हाला कंटाळा.

साबणावर निभावलं हे नशीबच म्हणायचं. मिथेनॉल म्हणजे गंमत नव्हे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरच्या वर माणसं गेली, ती याच मिथेनॉलनं. त्याची वाफ पटकन पेट घेते आणि उजेडात ज्योत जवळजवळ दिसतच नाही. अशी वस्तू टू-बीएचकेच्या बाल्कनीत, खाली गॅस सिलिंडर... सॉरी बॉस, मला नाही पटत. शिवाय नव्या बीएस-६ गाडीत घरगुती बॅच ओतलीत, तर वॉरंटी विसरा.

तेलाचा प्रश्न मात्र खरा आहे. पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात 'टोटल पोलर कंपाउंड्स' वाढतात. १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायला बंदी आहे. त्याच वर्षी एफएसएसएआयनं 'रुको' ही योजना आणली: हॉटेलांचं असं तेल गोळा करून बायोडिझेलच्या कारखान्यांकडे पाठवायचं. नाहीतर मोठ्या किचनमधलं टाकाऊ तेल स्वस्तात टपरीवर जातं, आणि संध्याकाळी ऑफिसबाहेर वडापाव खाणारे कोण? आपणच!

मित्रानं बादली धुऊन ठेवली. आता सोसायटीच्या जिन्याखाली त्याचा एक कॅन असतो. भरला की तेल गोळा करणाऱ्याला फोन. यंदा चकल्यांचं तेल आईनं स्वतः खाली नेऊन ओतलं. थोडं भाजीला काढून ठेवलं असेल, तर मला सांगितलेलं नाही.