स्क्वॅश खेळा, पण डोळे सांभाळून!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवीतला एक मुलगा वडिलांबरोबर दवाखान्यात आला. उजव्या डोळ्यावर ओला रुमाल धरलेला. रुमाल काढून पाहिले, तर काळ्या बुबुळासमोर खालच्या बाजूला रक्त साचलेले. "काय लागलं रे?" म्हणून विचारले. "डॉक्टरकाका, स्क्वॅशचा बॉल!"

स्क्वॅश म्हटले की आपल्याला उन्हाळ्यातले सरबत आठवते. पण या नावाचा खेळ चांगला जुना आहे. १८३० च्या सुमारास इंग्लंडमधील हॅरो या शाळेतल्या मुलांनी तो सुरू केला. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि जिमखाने व लष्करी छावण्यांतच राहिला. आता तो पुन्हा शाळेकडे वळतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन आपल्या मुंबईत भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॅश घेण्याचे तिथेच ठरले. त्याच सुमारास हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पंधरा वर्षांच्या अनाहत सिंगने दोन कांस्यपदके मिळवली. मुलांना हुरूप येणारच.

डॉक्टर म्हणून मला हा खेळ आवडतो. बत्तीस फूट लांब, एकवीस फूट रुंद खोली, दोन खेळाडू. ऊन-पावसाची अडचण नाही. अर्ध्या तासात घाम निथळतो, हृदय व फुप्फुसांना उत्तम व्यायाम होतो. वाढत्या मुलांनी रोज निदान तासभर दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपली मुले तेवढी हलतात का?

मग धोका कुठे? फुटबॉल तोंडावर आदळला तर बराचसा मार डोळ्याभोवतीचे हाड झेलते. स्क्वॅशचा चेंडू अवघा चार सेंटिमीटरचा. तो खोबणीत शिरून थेट बुबुळावर बसतो. साधा चष्मा संरक्षण करत नाही, उलट फुटला तर काचा डोळ्यात जातात. बिनकाचेची नुसती चौकटही निरुपयोगी. पॉलिकार्बोनेटचा, खेळासाठीच बनवलेला गॉगल हवा. जागतिक स्क्वॅश महासंघाने आपल्या कनिष्ठ गटाच्या स्पर्धांत तो सक्तीचा केला आहे. नंबर असेल तर त्याच नंबरचा करून घ्यावा.

डोळ्याला मार लागलाच तर एवढे लक्षात ठेवा :

• डोळा चोळू नका, दाबू नका.
• मध, दूध, गुलाबपाणी किंवा घरात पडून असलेले थेंब घालू नका.
• अॅस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो.
• कागदी कपाने डोळा झाका, डोके उंच ठेवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. दिसते आहे म्हणून थांबू नका; आतला पडदा फाटलेला असू शकतो.

त्या मुलाला मी लगेच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. आठवडाभरात रक्त विरले, नजर वाचली. पण अशा माराने पुढे कित्येक वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो, म्हणून दरवर्षी डोळ्याचा दाब तपासावा लागेल.

वडील म्हणाले, "डॉक्टर, त्याचा खेळ बंदच करतो." मी म्हटले, "खेळ बंद करू नका हो, गॉगल आणा." आता पोरगा गॉगल लावून खेळतो.

शाळांना एकच विनंती. रॅकेटी घ्याल तेव्हा त्याच यादीत गॉगलही लिहा.