तालीम आणि फुटबॉल : कोल्हापुरातील हौशी संघांची जडणघडण

पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही कोल्हापुरातील नावे मूलतः तालमींची. आज मात्र ती फुटबॉलसंघांची म्हणून अधिक परिचित आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४-१९२२) राजाश्रयाने येथे कुस्ती रुजली व तालीम हे पेठेतील तरुणांचे एकत्र येण्याचे ठिकाण बनले. फुटबॉलसाठी बहुधा निराळी संस्था उभारावी लागलीच नाही. हौद्याभोवतीची निष्ठा मैदानावर आली. त्यामुळे शाहू स्टेडियमवरील सामना दोन संघांपेक्षा दोन पेठांचाच अधिक असतो. या वातावरणातील अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. वर्गणी-देणग्यांवर पोसलेल्या या संघांतून अलीकडे परदेशी खेळाडूही उतरू लागले आहेत. तेव्हा संघ पेठेचा म्हणावा तो खेळाडूंमुळे की प्रेक्षकांमुळे, हा प्रश्न तालमींपुढे आहे.