घरकर्ज, बाळंतपण आणि रजा : हिशोब आधी मांडा

मंडळाच्या कार्यक्रमांत तरुण जोडपी भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "काका, गोत्रीला फ्लॅट बघून ठेवलाय, पण घरात बाळही येणार आहे. कर्ज आत्ता घ्यावं की वर्षभर थांबावं?" बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काढल्यामुळे लोक मला विचारतात. प्रत्येकाला तेच सांगतो, ते इथे एकत्र लिहून ठेवत आहे.

थोडक्यात उत्तर असे : दोन्ही गोष्टी एकाच वर्षात होऊ शकतात. मात्र कर्जाची रक्कम आजच्या दोन पगारांवर न ठरवता, येत्या दोन वर्षांतल्या सर्वांत ओढगस्तीच्या महिन्यावर ठरवावी.

बँक काय बघते?

पगारदारांकडून बँक सहसा शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचे खाते-उतारे आणि दोन वर्षांचे फॉर्म १६ मागते. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत असावेत, असा ढोबळ ठोकताळा असतो. गर्भारपण हे कर्ज नाकारण्याचे कारण नाही. अर्जदार स्त्री रजेवर असेल, तर बँक कंपनीचे पत्र मागू शकते. रजा केव्हापासून केव्हापर्यंत, पगारी की बिनपगारी आणि कामावर रुजू होण्याची तारीख, हे त्यात असावे. ते पत्र आधीच घेऊन ठेवा.

बाळंतपणानंतर नोकरी सोडायची हे घरात आधीच ठरले असेल, तर तो पगार दाखवून कर्ज घेऊ नका. कर्ज मंजूर होईल, पण हप्ता तुम्हालाच भरायचा आहे.

रजेत पगार किती मिळतो?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची रजा मिळते, शिवाय संगोपन रजा वेगळी.

दोन गोष्टी मात्र तपासा. इन्सेंटिव्ह, ओव्हरटाइम किंवा प्रवासभत्ता रजेच्या काळात तेवढाच मिळेल असे धरू नका. आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानात काम करणाऱ्या किंवा घरून स्वतःचा व्यवसाय, शिकवण्या करणाऱ्या भगिनींनी रजेच्या काळातले उत्पन्न शून्य धरूनच हिशोब करावा.

एक उदाहरण

घर ५० लाखांचे, कर्ज ४० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता होतो सुमारे ३४,७०० रुपये. नवऱ्याच्या हातात ५५,००० येतात, बायकोच्या ४०,०००. एकूण ९५,०००, म्हणजे बँकेच्या दृष्टीने कर्ज अगदी बसते.

आता २६ आठवडे संपले, पण बाळ लहान आहे, सांभाळायला कोणी नाही, म्हणून आईने आणखी सहा महिने बिनपगारी रजा घेतली. हातात ५५,०००. हप्ता गेल्यावर उरले २०,३००. घरखर्च ३५,००० असेल, तर दरमहा १४,७०० कमी पडतात. सहा महिन्यांत सुमारे ८८,०००.

ही रक्कम आधी बाजूला काढलेली असेल, तर काहीच अडत नाही. नसेल, तर क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन सुरू होते, नाहीतर आई मनाविरुद्ध तिसऱ्याच महिन्यात कामावर जाते. आईने बाळाजवळ किती दिवस राहायचे हे बँकेच्या हप्त्याने ठरवू नये, एवढ्यासाठीच हा सगळा हिशोब.

नोकरी कायमची सुटण्याची शक्यता असेल, तर एका पगारावर कर्ज बसवा. ५५,००० च्या निम्म्या हप्त्यात साधारण साडेएकतीस लाख बसतात. हप्ता कमी करायला मुदत २५ वर्षे केली, तर ४० लाखांवर हप्ता जेमतेम २,५०० रुपयांनी उतरतो, आणि पूर्ण मुदतीत एकूण भरणा सुमारे १३ लाखांनी वाढतो.

हातची रक्कम

३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे वरच्या उदाहरणात १० लाख आपले. त्यावर गुजरातेत ४.९ टक्के मुद्रांक शुल्क (२.४५ लाख) आणि १ टक्का नोंदणी फी (५०,०००). घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले, तर ही नोंदणी फी माफ असते. पतीचे नाव खरेदीखतात आले की सवलत जाते. कर्जात मात्र पती सहकर्जदार राहू शकतो.

दवाखान्याचा खर्च आणि वरचे ८८,००० बाजूला ठेवूनच बयाणा द्या. खाते रिकामे करून चावी घेऊ नका. बांधकाम चालू असलेल्या घरात तर भाडे आणि उचललेल्या रकमेवरचे व्याज, दोन्ही एकाच वेळी भरावे लागते.

तारखा आणि सह्या

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की सूनबाई पुण्याला किंवा नाशिकला जाते, आणि नेमका तेव्हाच दस्त नोंदणीचा दिवस येतो. खरेदी तिच्या नावे असेल, तर सब-रजिस्ट्रारकडे ती लागते, कर्जाच्या कागदांवरही सही लागते. हे सारे सहाव्या महिन्यापर्यंत उरका, किंवा बँकेला आधी विचारून रीतसर कुलमुखत्यारपत्र करून ठेवा.

विमा

कर्जासोबत बँक विमा सुचवते. तो त्याच कंपनीचा घेण्याची सक्ती नाही, पण मुदतविमा दोघांचाही असावा. अर्जात गर्भारपणाचा प्रश्न असतो, तिथे खरेच लिहा. लपवलेली माहिती पुढे दाव्याच्या वेळी आड येते. शक्य तर विमा दिवस राहण्याआधीच घ्यावा.

तरीही हप्ता जड गेला तर?

हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन बोला. एक हप्ता चुकला तरी क्रेडिट स्कोअर खाली येतो, आणि थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते. आधी आलेल्या ग्राहकासाठी मुदत वाढवण्यासारखे मार्ग बघता येतात. उलट, दोन्ही पगार पुन्हा सुरू झाले की जास्तीची रक्कम मुद्दलात भरा. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही.

घर बघायला जाण्याआधी दोघांनी एका कागदावर पुढच्या २४ महिन्यांचे रकाने आखा. प्रत्येक महिन्यात येणारे किती, जाणारे किती, ते लिहा. ज्या महिन्यात सर्वांत कमी उरते, तिथे बोट ठेवा. त्या महिन्याला जो हप्ता झेपतो, तोच तुमचा हप्ता.