महाशीर : जाळे, गळ आणि नदीचा मूळ मासा

मृगाच्या पहिल्या जोरदार सरी कोसळल्या की सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरील गावांत ओढ्याकाठी माणसांची गर्दी होते. नव्या पाण्याबरोबर अंडी घालण्यासाठी वर चढणारे मासे कोणी पागाने, कोणी बांबूच्या सापळ्याने, तर कोणी नुसत्या हातांनी धरतात. चढणीचे मासे खाण्याची ही रीत जुनी आहे. घरापुरते चार मासे धरल्याने पूर्वी नदी ओस पडत नसे. परंतु अंड्यांनी भरलेला मासा चढणीच्या वाटेवरच शेकड्यांनी धरणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून खाणे होय, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

नदीतील माशावर आज तिघांचा हक्क सांगितला जातो. पहिला हक्क जाळ्यावर पोट भरणाऱ्या मच्छीमाराचा. दुसरा गळ टाकून विरंगुळा शोधणाऱ्या हौशी माणसाचा. तिसरा हक्क खुद्द नदीचा; तिच्यात पिढ्यानपिढ्या आपोआप वाढत आलेला मासा तिच्यात टिकला पाहिजे. या तिन्हींचा मेळ घालताना चूक कोठे होते, हे महाशीर माशाच्या हकिकतीवरून चांगले समजते.

महाशीरास आपल्याकडे कोठे खडशी, कोठे खडची म्हणतात. कर्नल साइक्स याने पुण्याच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. ‘टॉर खुद्री’ हे शास्त्रीय नाव तेव्हापासूनचे. अंगावर मोठे खवले, ओठ जाड आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याची विलक्षण ताकद यांमुळे गळ टाकणारे त्याच्यावर लुब्ध असतात. मात्र हा मासा कटला-रोहूप्रमाणे विपुल अंडी घालणारा नाही. वजनाच्या मानाने त्याची अंडी थोडी असतात. पावसाळ्यात वाहत्या, स्वच्छ पाण्यातील वाळूगोट्यांवर तो ती घालतो. रोहूची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. महाशीराच्या अंड्यांना सुमारे तीन दिवस लागतात, आणि बाहेर आलेले पिल्लू त्यानंतरही काही दिवस गोट्यांच्या फटींत निपचित पडून राहते. एवढ्या अवधीत पाणी गढूळ झाले, गोटे उपसले गेले किंवा वरून विष आले, तर त्या वर्षीची सारी वीण वाया जाते.

धरणे झाली, डोह गाळाने भरले, आणि महाशीर ठिकठिकाणी दिसेनासा होऊ लागला. तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर त्याचे कृत्रिम प्रजनन हाती घेण्यात आले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या अंडी घालण्याच्या सवयींविषयीची निरीक्षणे १९७१ साली प्रसिद्ध केली. नर-मादीची अंडी व मिल्ट हाताने काढून, ती एकत्र करून, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पिल्ले उबविण्याची पद्धत तेथे यशस्वी झाली. हे काम मोलाचे होते यात शंका नाही. मत्स्यबोटुकली तयार होऊ लागली आणि ती निरनिराळ्या राज्यांतील जलाशयांत व नद्यांत सोडण्यासाठी जाऊ लागली.

त्यांपैकी काही कर्नाटकात कावेरीच्या पाण्यात गेली. कावेरीत मूळची जी महाशीर होती ती निराळी. तिच्या पाठीवर उंच कुबड असे. कावेरीच्याच उपनदीवर, काबिनीवर, १९४६ साली १२० पौंडांचा म्हणजे सुमारे ५४ किलोचा महाशीर गळाला लागल्याची नोंद आहे. पुढे गलीबोरे येथे गळाने मासे धरून परत पाण्यात सोडण्याची शिबिरे चालत. तेथील हौशी मंडळींनी १९९८ ते २०१२ या काळात धरलेल्या सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. अभ्यासकांनी त्या वह्या तपासल्या तेव्हा वरकरणी आनंदाचेच चित्र दिसले : दर तासाला गळास लागणारे मासे वाढत होते. परंतु वाढत होता तो लोणावळ्याकडून आलेला निळसर परांचा मासा. कुबडाचा महाशीर नोंदींतून जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याची शास्त्रीय ओळखही २०१८ सालीच निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अत्यंत संकटग्रस्त माशांच्या यादीत गेला. वाळूउपसा, सुरुंग व धरणे यांचाही या ऱ्हासात वाटा आहे. सारा दोष बाहेरून आलेल्या माशावर टाकणे योग्य नव्हे. तरीही नदी माशांनी भरलेली दिसत असता तिचा स्वतःचा मासा संपत आलेला असू शकतो, ही गोष्ट विस्तार कार्यकर्त्याने मनात पक्की धरावी.

गळवाल्यांनाही येथे न्याय दिला पाहिजे. वहीत नोंद ठेवणारे तेच होते. त्यांच्या पैशातून आसपासच्या गावांतील माणसांस राखणदारीचे काम मिळे आणि राखणदार असेपर्यंत सुरुंग लावणारे दूर राहत. हौस म्हणून मासे धरणे वाईट, आणि पोटासाठी धरणे तेवढे क्षम्य, अशी सरसकट विभागणी टिकत नाही. नुकसान कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात व कोणत्या साधनाने मासा धरला यावर ठरते.

म्हणून गावाने पाण्याचीच वाटणी करावी हे उत्तम. पाझर तलाव, गावतलाव आणि जलाशय हे जाळ्याचे क्षेत्र होय. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली तेथे सोडावी, सहकारी संस्थेने ठरल्या आसाचे जाळे वापरावे व उत्पन्न घ्यावे. मच्छीमार कुटुंबांची चूल येथून चालली तर नदीच्या डोहावरील ताण आपोआप हलका होतो. नदीच्या उघड्या पात्रात, पावसाळा सोडून, गळ चालावा. नदीच्या वरच्या अंगातील डोह, गोट्यांचे उथळ भाग आणि चढणीच्या वाटा मात्र कोणाच्याही हाती देऊ नयेत. तिघांत भांडण झालेच, तर आधी वीण, मग पोट आणि शेवटी हौस, हा क्रम सोडू नये. दुसऱ्या खोऱ्यातील मासा, तो कितीही देखणा व वाढीचा असो, नदीत सोडण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्यास विचारावे.

डोह राखण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. महाड तालुक्यात वाळणकोंड येथे वरदायिनी देवीचे म्हणून मासे राखले जातात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथेही देवळाजवळच्या माशांस कोणी हात लावीत नाही. सुरुंग व विष यांना १८९७ च्या कायद्याने बंदी केली, तरी गेळफळ, रामेठा आणि आता ब्लीचिंग पावडर यांचा वापर चोरून होतोच. कायद्याच्या हाताला जे जमले नाही ते देवीच्या धाकाने जमले, असे म्हणावे लागते. पण राखलेला कोंड एकटा पुरत नाही. पावसात मासा कोंड सोडून वर जातो, आणि वरच्या गावाने ओढ्यात आडवे जाळे लावले तर खालच्या गावाची राखण फुकट जाते. दोन-तीन ग्रामपंचायतींनी एकत्र ठराव करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांकडेही लक्ष हवे. पाऊस सुरू होण्यापूर्वी बरगे काढले की माशाला वर जाण्याची वाट मोकळी होते. बरगे काढण्यास उशीर झाला, तर मासे भिंतीच्या पायथ्याशी अडून गोळा होतात आणि नेमके तेथेच पाग घेऊन लोक उभे राहतात. पाटकऱ्यांशी बोलून बरगे वेळेवर काढून घेणे हे ग्रामसेवकास सहज करता येण्यासारखे काम आहे.

गळाने धरलेला मासा परत सोडावयाचा असेल तर उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करूनच मासा हाताळावा आणि शक्यतो तो पाण्याबाहेर काढू नये. दमलेल्या माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्यास पाण्यातच सावरून धरावे. तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत हात सोडू नये.