६,७५४ टन, ७८४ मुलं

युद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांचा हिशेब टनांत मांडतात. हा टन वजनाचा नव्हे, तर जागेचा. जहाजाच्या आतली शंभर घनफूट जागा म्हणजे एक टन. ‘त्सुशिमा मारू’ हे जपानी मालवाहू जहाज ६,७५४ टनांचं होतं, म्हणजे पोटात पावणेसात लाख घनफूट जागा. ऑगस्ट १९४४मध्ये या जागेत माणसं भरली होती.

१९१४ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेलं हे जहाज तेव्हा तीस वर्षांचं झालं होतं. सायपान बेट हातचं गेलं आणि आता पाळी ओकिनावाची, हे जपान सरकारला कळून चुकलं. म्हातारी माणसं, बायका आणि मुलं मिळून एक लाख लोक तिथून आणि आसपासच्या बेटांवरून हलवायचं ठरलं. २१ ऑगस्टला त्सुशिमा मारू ओकिनावाच्या नाहा बंदरातून नागासाकीकडे निघालं, तेव्हा त्यावर सुमारे १,८०० जण होते. शाळेची मुलं खाली, माल ठेवायच्या जागेत, फळ्या ठोकून केलेल्या दुमजली माचांवर दाटीवाटीनं झोपत होती.

दुसऱ्या रात्री दहाच्या सुमारास अकुसेकी बेटाजवळ अमेरिकी पाणबुडी ‘बोफिन’चे टॉर्पेडो लागले आणि साधारण अकरा मिनिटांत जहाज बुडालं. तेवढ्यात झोपेतून उठायचं, अंधारात वर जायची वाट शोधायची आणि खवळलेल्या समुद्रात उडी घ्यायची, तीही आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी. ताफ्यातली इतर जहाजं हल्ल्याच्या धास्तीनं थांबली नाहीत. काही जण तराफ्यांवर कित्येक दिवस वाहत राहिले.

१,४८४ जण गेले. त्यांत शाळकरी मुलं ७८४, वाचलेली ५९. जगलेल्या एकेका मुलामागे तेरा मुलं बुडाली. वाचलेल्यांना तोंड उघडायची बंदी होती, आणि नाहातले आईबाप मुलांच्या पत्राची वाट बघत राहिले. जहाजावर मुलं आहेत हे बोफिनवरच्यांनाही ठाऊक नव्हतं.

युद्धानंतर अमेरिकेनं हिशेब केला, तेव्हा तिच्या सैन्यानं बुडवलेली जपानी व्यापारी जहाजं भरली २,११७, आणि टन सुमारे ७९ लाख. त्यात त्सुशिमा मारूचा वाटा हजारात एकसुद्धा नाही. जपानचे व्यापारी खलाशी मेले साठ हजारांवर.

१९९७मध्ये हे जहाज समुद्राखाली सुमारे ८७० मीटरवर सापडलं. नाहामध्ये २००४ साली त्याचं स्मारक-संग्रहालय उघडलं. भिंतीवर मुलांचे फोटो आहेत, पण सगळ्यांचे नाहीत. जहाज बुडालं त्याच्या पुढच्याच वर्षी ओकिनावावर लढाई झाली, घरं जळाली आणि घरांतले फोटोही जळाले. नावं मात्र लोकांच्या आठवणीत होती. जहाजाचे टन बांधणीच्या मोजमापावरून निघतात. १,४८४ हा आकडा मात्र एकेका नावाची खात्री करत जमवावा लागला.