डॉल्फिनच्या मेंदूतील गाठ काय सांगते?

डॉल्फिनलाही मेंदूची गाठ होते का? होते, पण क्वचित. डॉल्फिन आणि देवमासे हे मुळात मासे नव्हेत. फुप्फुसांनी श्वास घेणारे, पिलांना दूध पाजणारे ते सस्तन प्राणी आहेत. त्यामुळे त्यांचे बरेच आजारही आपल्यासारखेच असतात. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाजवळच्या बेलुगा देवमाशांत कर्करोगाचे प्रमाण इतके आढळले, की संशोधकांनी परिसरातील ॲल्युमिनियम कारखान्यांच्या प्रदूषणावर संशय घेतला. पण तेथेही कर्करोग मुख्यतः आतड्याचा होता, मेंदूचा नव्हे.

मेंदूच्या गाठींच्या नोंदी जगभर मोजक्याच आहेत. याचे एक कारण साधे आहे. आपल्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरही मृत डॉल्फिन वाहून येतात. पण उष्ण, दमट हवेत मेंदू फार लवकर कुजतो आणि तपासायला काही उरत नाही.

जिथे मेंदू ताजा असताना तपासता आला, तिथे अनेकदा वेगळेच कारण सापडले. डॉल्फिनच्या कवटीतील हवेच्या पोकळ्यांत राहणारा 'नॅसिट्रेमा' हा चपटा कृमी कधी कधी मेंदूत शिरतो. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर अडकलेल्या पट्टेरी डॉल्फिनच्या मेंदूत 'ब्रुसेला' जिवाणू सापडले. कॅलिफोर्नियातील समुद्री ऊदमांजरांचा मेंदू सुजवणारा 'टॉक्सोप्लाझ्मा' तर मांजरांच्या विष्ठेतून, पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात पोहोचतो.

हिंगोलीला समुद्र नाही. पण आपल्या कयाधूचे पाणीही पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळते. आणि ब्रुसेलाचे भाऊबंद तर आपल्या गोठ्यातच आहेत. गाय, म्हैस, शेळी गाभडली तर वार उघड्या हातांनी उचलू नका. दूध उकळूनच प्या.

यातला खरा धडा रुग्णांसाठी आहे. तरुण माणसाला अचानक फिट येते, सीटी स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसते आणि घरचे हातपाय गाळतात. कुणी शेत विकायला निघतो, कुणी उपचारच सोडतो. पण आपल्या देशात अशी लहान गाठ बऱ्याचदा कर्करोगाची नसते. ती क्षयाची असू शकते किंवा पट्टकृमीच्या अळीची. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाणी, भाजीपाला आणि न धुतलेल्या हातांवाटे पोटात जातात. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. या दोन्ही आजारांवर औषधे आहेत आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मात्र जंताच्या गोळ्या मनाने घेऊ नका. मेंदूतील अळी मरताना सूज वाढते, फिटही वाढू शकतात.

फिट आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दवाखान्यात आणा. पहाटे वाढणारी डोकेदुखी आणि उलटी, एका बाजूची कमजोरी किंवा नजर अंधुक होणे, ही लक्षणेही अंगावर काढू नका.

गाठ खरोखर कर्करोगाची असेल, तरीही लवकर निदान झालेले केव्हाही चांगले. किनाऱ्यावरच्या डॉल्फिनचे निदान मेल्यावर होते; आपल्याला ते जिवंतपणी करून घेता येते.